लॅटिन वाचा, इटालियन बोला, फारसी पाठ करा

इटालियन, फारसी आणि लॅटिन असे तीन विषय विद्यापीठात एकदम घेतलेत म्हटलं की सोलापुरात दोन प्रश्न हमखास येतात. एक, "पुढं नोकरी कसली?" आणि दोन, "एवढं सगळं डोक्यात राहतंय का?" पहिल्या प्रश्नावर आमच्या आत्याचं आजवर समाधान झालेलं नाही, म्हणून तो बाजूला ठेवते. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. राहतं, पण तिन्ही भाषांना एकच पद्धत लावली तर नाही राहत. शाळेत इंग्रजी शिकलो तसं, आधी व्याकरण, मग शब्दार्थ, मग धड्याखालचे प्रश्न, अशा वाटेनं तिघींच्या मागे लागलात तर दिवाळीपर्यंत पुस्तकं कपाटात जातात.

लॅटिन वाचण्यासाठी शिका. इटालियन बोलण्यासाठी शिका. फारसी पाठ करा. पुढचं सगळं या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

मी अशोक चौकाजवळची. घरी तेलुगू, शाळा मराठी, शेजारी उर्दू आणि आजोळ अक्कलकोटकडचं म्हणून कानावर कन्नड. सोलापूरच्या पोरांना चार भाषांत एकदम वावरायची सवय असते, पण ती आपण कधी भांडवलात धरत नाही. रोमला वर्गात बसल्यावर मला ते भांडवल किती मोठं आहे ते कळलं.

कुठं शिकायचं

हे थोडक्यात. तिन्ही भाषा एका छताखाली मिळणं आपल्याकडे अवघड. फारसीचे विभाग हैदराबादला उस्मानिया आणि मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात आहेत, मुंबई विद्यापीठातही आहे. इटालियनची पदवी दिल्ली विद्यापीठात करता येते. लॅटिन मात्र मुख्यतः पाद्री घडवणाऱ्या सेमिनरींत. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे, तिचा उपयोग करून घ्या. तिन्ही एकत्रच हव्या असतील तर इटली बघा. रोमचं सापिएन्झा, नापोलीचं लोरिएन्ताले, व्हेनिसचं का फोस्कारी, तिन्ही सरकारी आणि तिन्हींत फारसी शिकवतात. तुम्ही निवडलेल्या अभ्यासक्रमात लॅटिनचे क्रेडिट घेता येतात का, तेवढं आधी तपासा.

तिथली फी घरच्या उत्पन्नावर ठरते. म्हणजे सेतू केंद्रातल्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून कामाला सुरुवात. दाखला, त्याचा इटालियन अनुवाद, अपोस्टिलचा म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरायचा शिक्का, यात महिने जातात. इटालियन माध्यमाच्या वर्गाला भाषेची साधारण बी-२, म्हणजे मध्यमाच्या वरची, पातळी लागते. चिल्स किंवा चेली या परीक्षेचं प्रमाणपत्र चालतं. त्यामुळे क्रम आपोआप ठरतो. सोलापुरात बसून आधी इटालियन, जोडीला फारसीची नुसती लिपी. लॅटिन सगळ्यात शेवटी.

एक वाक्य, चार भाषांत

पहिल्याच आठवड्यात वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून घ्या.

लॅटिन: आग्रिकोला पुएल्लाए रोसाम दात.
मराठी: शेतकरी मुलीला गुलाब देतो.
फारसी: केशावर्ज बे दोख्तर गोल मी-दहद.
इटालियन: इल कोन्तादीनो दा ऊना रोझा आल्ला रागात्सा.

लॅटिनच्या शब्दांखाली मराठी शब्द ठेवत जा, एकही जागा बदलावी लागत नाही. फारसीतही क्रियापद शेवटीच. वेगळी चाल आहे ती इटालियनची: शेतकरी देतो गुलाब मुलीला. आता क्रियापदं बघा: दात, दहद, दा, देतो. चारही एकाच धातूची लेकरं. आणि मग आपला 'ला' कुठं गेला ते शोधा. लॅटिनमध्ये तो शब्दाच्या शेपटीत 'आए' होऊन बसलाय, फारसीत 'बे' होऊन शब्दाच्या पुढं आलाय, इटालियनमध्येही पुढंच, पण उपपदाला, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारख्या शब्दाला, चिकटून 'आल्ला' झालाय.

असं एक वाक्य रोज करा. नवे शब्द किती शिकलात यापेक्षा 'ला', 'नं', 'चा', 'हून' चारही भाषांत कुठं बसतात हे हाताला कळणं जास्त कामाचं. लिंगाचा हिशोबही याच पानावर मांडा. मराठीत तीन, लॅटिनमध्ये तीन, इटालियनमध्ये दोन, फारसीत एकही नाही. 'तो' आणि 'ती' दोघांना फारसीत 'ऊ'. वर्गातल्या इटालियन मुलांना लॅटिनचं नपुंसकलिंग वेगळं शिकावं लागतं. आपल्याकडे मूल, घर, अंडं सगळं आहेच.

लॅटिन

लॅटिनमध्ये कुणी तुम्हाला भाजीचा भाव विचारणार नाही, तेव्हा संभाषणाच्या ॲपवर वेळ घालवू नका. रोज एक परिच्छेद, हातात पेन्सिल. आधी क्रियापद शोधायचं, बहुतेक वेळा ते वाक्याच्या टोकाला सापडतं. त्याच्या शेवटावरून पुरुष आणि वचन काढायचं, मग त्या मापाची प्रथमा शोधायची, मग द्वितीया. उरलेले शब्द आपोआप जागेवर पडतात. शब्दकोश सगळ्यात शेवटी उघडायचा.

विभक्तीचे तक्ते चालीत म्हणा. आपण 'स, ला, ते, स, ला, ना, ते' असंच शिकलो की नाही? संस्कृत घेतलं असेल तर काम आणखी हलकं. फक्त एक ध्यानात ठेवा, लॅटिनच्या पंचमीनं आपल्या तृतीयेचं आणि बरंचसं सप्तमीचं कामही अंगावर घेतलंय. तलवारीनं, रोमहून, रात्री, तिन्हींना तीच विभक्ती. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखी, हे 'फलम्, फलम्'सारखंच. अनेकवचन 'आ'कारान्त: ओवुम म्हणजे अंडं, ओवा म्हणजे अंडी. याच्या खुणा इटालियनमध्ये अजून शिल्लक आहेत. ऊओवो एकटं असताना पुल्लिंगी, आणि ऊओवा झालं की स्त्रीलिंगी. वर्गात हा अपवाद म्हणून पाठ करायला लावतात. लॅटिन येत असेल तर त्याचं कारण समोर दिसतं.

उच्चाराचा निकाल पहिल्या दिवशी लावा. पुष्कळ पुस्तकं प्राचीन उच्चार शिकवतात: किकेरो, कायलुम. इटलीत प्राध्यापक सर्रास चिचेरो, चेलुम म्हणतात. जिथं परीक्षा द्यायची तिथला उच्चार घ्या, वाद घालू नका. सुरुवातीला हान्स ऑर्बर्ग या डॅनिश शिक्षकाचं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लॅटिनमध्येच लिहिलेलं पाठ्यपुस्तक घ्या. शाळेतून पाच पाच वर्षं लॅटिन करून आलेली इटालियन मुलं शेजारी बसतील. ती पटापट भाषांतर करतात, पण बरीचशी आठवणीतून. त्यांच्या वेगाकडे बघू नका.

इटालियन

इथं तोंड उघडल्याशिवाय काही होत नाही, आणि मराठी तोंड या भाषेला तयार आहे. त्यांचे त आणि द आपल्यासारखे दाती. 'टीयामो', 'डोमानी' असं इंग्रजी वळणानं बोलणारी आपली मुलं ऐकली की वाईट वाटतं, 'त' घरात असताना 'ट' कशाला? पीत्सामधला त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च, आणि झेरोच्या सुरुवातीचा आवाज आपल्या जागेतला ज. जोडाक्षरं मात्र दाबून म्हणा. गल्ली, पत्ता, चिक्कू आपण दाबतोच की. पेना म्हणजे दुःख, पेन्ना म्हणजे लेखणी. वय सांगताना 'आन्नी'तला एक न खाल्लात तर वर्गात हशा पिकतो. का पिकतो ते शब्दकोशात बघा, मी इथं लिहीत नाही.

भूतकाळ बाकीच्या परदेशी पोरांना रडवतो, आपल्याला नाही. मी म्हणते 'सोनो आंदाता', माझा भाऊ म्हणेल 'सोनो आंदातो': मी गेले, मी गेलो. 'ती खाल्ली' म्हणताना आपण कर्माकडे बघून 'खाल्ली' म्हणतो, आणि इटालियनमध्येही कर्माचं सर्वनाम पुढं आलं की 'लो मांजाता' होतं. फक्त कर्म नाम असेल आणि क्रियापदाच्या मागं असेल तर हा मेळ घालायचा नाही, तेवढं सांभाळा. नुसती 'द'सारखी उपपदंच सात आहेत आणि आपल्याकडे एकही नाही, तिथं घाम गाळावाच लागतो. नाम शिकताना उपपदासकटच शिका.

फारसी

हिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मराठी माणसाला फारसी जितकी आधीच येत असते तितकी येतेय हे त्याला कुणी सांगत नाही.

फारसी व्याकरणातला अवघड घाट एकच, क्रियापदाला दोन अंगं असतात. भूतकाळाचं अंग मूळ रूपातून सरळ निघतं, वर्तमानाचं मात्र बदलतं आणि ते पाठच करावं लागतं. पाठ्यपुस्तकात याच्या लांबलचक याद्या असतात. त्या याद्या बाजूला सारा आणि गावच्या चावडीतले शब्द आठवा. दाश्तन म्हणजे असणं, बाळगणं, त्याचं वर्तमान अंग दार: खातेदार, जमीनदार, भोगवटादार. नवेश्तन म्हणजे लिहिणं, अंग नवीस: फडणवीस. कर्दन म्हणजे करणं, अंग कोन: काम करणारा तो कारकून. खोर्दन म्हणजे खाणं, अंग खोर: लाचखोर. दीदन म्हणजे बघणं, अंग बीन: लांबचं बघणारी ती दुर्बीण. गेरेफ्तन म्हणजे धरणं, अंग गीर: दिलगीर. बस्तन म्हणजे बांधणं, अंग बंद: जमाबंदी, नाकाबंदी. आणि बंदोबस्त या एकाच शब्दात बंद आणि बस्त ही दोन्ही अंगं मधल्या 'ओ'नं, म्हणजे 'आणि'नं, जोडलेली आहेत. नेस्तनाबूतमध्ये 'नाही' आणि 'नव्हतं' शेजारी शेजारी उभे आहेत. सातबारा, फेरफार आणि पोलीस पंचनामा घेऊन बसलात तर फारसीची अर्धी क्रियापदं घरबसल्या गोळा होतात. दररोज, दरमहा यातला 'दर' आणि जुन्या पत्रांच्या मायन्यातल्या 'अजरख्तखाने'मधला 'अज' ही तिथली शब्दयोगी अव्ययं, अनुक्रमे 'मध्ये' आणि 'पासून'.

पाठ का करायची? कारण फारसी लिपी ऱ्हस्व स्वर लिहीत नाही. 'शेर-ए-पंजाब' ही हॉटेलची पाटी घ्या. मधला तो 'ए' दोन शब्दांना सांधतो, पण फारसीत तो सहसा लिहिलेलाच नसतो. कुठं सांधा आहे आणि कुठं नाही हे गद्य वाचताना नवख्याला कळत नाही. कवितेत वृत्त ते सांगतं. सांधा चुकला की ओळ लंगडते आणि कान लगेच पकडतो. म्हणून जुन्या मकतबांत, म्हणजे फारसी शिकवणाऱ्या शाळांत, मुलं सादी या फारसी कवीच्या ओळी घोकत. त्याचं 'गुलिस्तान' १२५८ मधलं, आणि हिंदुस्थानात पिढ्यान्‌पिढ्या फारसीचं पाठ्यपुस्तक म्हणून चाललं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक निवृत्त उर्दू शिक्षक, मी त्यांना चाचा म्हणते, याच पद्धतीचे. मी ओळ म्हणायची, त्यांनी डोळे मिटून ऐकायची, आणि चुकलं की फक्त बोट वर करायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही, ते मीच शोधायचं. सोलापुरात असे उर्दू जाणणारे वडीलधारे मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. जाऊन विचारा, नाही म्हणत नाहीत.

लिपीबद्दल दोन गोष्टी. ३२ अक्षरांपैकी ज़ या आवाजाला चार आहेत: ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय. कुठला शब्द कुठल्या अक्षरानं हे डोळ्यानंच पाठ होतं, ऐकून नाही. म्हणून शब्द लिहिल्याशिवाय शिकायचा नाही. दुसरं, उर्दू नस्तालीकमध्ये छापतात आणि इराणची पुस्तकं बहुधा नस्खमध्ये, तर दोन्ही वळणं नजरेखालून घाला.

उर्दू येणाऱ्यांना मी जपून राहायला सांगेन. इराणमध्ये शेर आणि शीर, म्हणजे सिंह आणि दूध, दोन्हींचा उच्चार शीर. लांब आ बराचसा ऑकडे झुकतो, किताब नाही, केतॉब. तकलीफ म्हणजे तिथं कर्तव्य किंवा गृहपाठ, शादी म्हणजे आनंद, गरीब म्हणजे परका. दर्याला उर्दूत नदी म्हणतात, फारसीत समुद्र. इथं मात्र मराठीचा दर्या फारसीबरोबर आहे.

थोडं वाचता यायला लागलं की विजापूरला जा. इथून शंभरएक किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरी. गोल घुमटाच्या दक्षिण दरवाजावर तीन फारसी लेख आहेत. प्रत्येक अक्षराला अबजद पद्धतीत एक आकडा असतो: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. त्या आकड्यांनी प्रत्येक लेखाची बेरीज १०६७ येते, म्हणजे मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचं हिजरी साल, इ.स. १६५६. सरावाला आधी 'मुहम्मद' घ्या: मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४, एकूण ९२. मग दरवाजाखाली उभं राहून एकेका लेखाची बेरीज करा. पहारेकरी विचित्र नजरेनं बघतो, बघू द्या. युरोपातल्या लॅटिन शिलालेखांतही मोठ्या अक्षरांत रोमन आकडे पेरून साल सांगायची हीच हौस आढळते. पुढं तिकडे गेलात तर डोळा तयार असेल.

भांडणं कुठं होतात

फारसी कुणाशी भांडत नाही. भांडण लॅटिन आणि इटालियनचं, कारण त्या मायलेकी. इटालियन बोलताना मध्येच लॅटिन शेपटी येते, लॅटिन वाचताना शब्द ओळखीचा वाटून अर्थ इटालियन लागतो. उपाय वेळापत्रकाचा आहे. त्या दोघी लागोपाठ कधीच घ्यायच्या नाहीत, मध्ये फारसी ठेवायची. सकाळी लॅटिन, दुपारी फारसी, संध्याकाळी इटालियन. उजवीकडून डावीकडे लिहायला लागलं की डोकं आधीचं सोडतं. वह्या तीन, शाई तीन रंगांची.

आणि वहीच्या मागच्या पानावर भांडखोर शब्दांची यादी ठेवा. माझ्या यादीत सगळ्यात वर 'सी': लॅटिनमध्ये 'जर', इटालियनमध्ये 'हो', फारसीत 'तीस'. खाली 'से': इटालियनमध्ये 'जर', फारसीत 'तीन'.

शब्दकोशांसाठी पैसे घालवू नका. लॅटिनचा लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा आणि फारसीचा स्टाइनगासचा १८९२ चा कोश इंटरनेटवर फुकट आहेत. दुसऱ्या वर्षी फुलर्सचा फारसी–लॅटिन कोश उघडा, जर्मनीत बॉन इथं १८५५ ते १८६४ मध्ये छापलेला. फारसी शब्द, लॅटिन अर्थ, एकाच पानावर दोन विषयांचा अभ्यास. हे काही नवं खूळ नाही. व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात 'कोडेक्स कुमानिकुस' नावाचं हस्तलिखित आहे, १३०३ ची तारीख असलेलं. त्यातल्या शब्दसूचीत लॅटिन, फारसी आणि कुमान या तुर्की भाषेचे शब्द तीन रकान्यांत शेजारी शेजारी मांडलेत. प्रबंधाला विषय हवा असेल तर पिएत्रो देल्ला वाल्ले घ्या. रोमचा हा खानदानी प्रवासी इराणमध्ये राहिला. बायको तिथं वारली, तर तिचा लेप लावलेला देह बरोबर घेऊन हिंदुस्थानमार्गे रोमला परतला. वाटेत १६२४ मध्ये गोव्यात त्यानं बोर्री या पाद्र्याचं खगोलशास्त्र फारसीत उतरवलं आणि पुढं स्वतःच त्याचं इटालियन केलं. मराठी मुलुखाच्या इतक्या जवळचा विषय, आणि आपल्याकडे फारसं कुणी त्याला हात लावत नाही.

परीक्षा

इटलीत पदवीला १८० क्रेडिट लागतात आणि एका क्रेडिटमागं २५ तास अभ्यास धरलेला असतो. गुण ३० पैकी, पास १८ ला. बऱ्याच परीक्षा तोंडी, आणि त्याही इतर विद्यार्थ्यांसमोर. तुमचा नंबर यायच्या आधी एक दिवस नुसतं मागच्या बाकावर बसून इतरांना विचारलेले प्रश्न लिहून घ्या, पुष्कळ प्रश्न फिरून येतात. परीक्षांचे हंगाम तीन: जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबर. इटालियन हिवाळ्यात उरकून टाका. फारसी जूनमध्ये, तोवर ओळी पुरेशा पाठ होतात. लॅटिन सप्टेंबरला ठेवा. ऑगस्टमध्ये रोम ओस पडतं, आपल्या झेंडावंदनाच्या दिवशी तिथं फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि ग्रंथालयांनाही कुलपं. तिकीट परवडत असेल तर तो महिना सोलापुरात काढा. पावसाळी हवा, आईच्या हातची कडक भाकरी, आणि विचारायला कुणी नसल्यामुळे लॅटिन स्वतःच सोडवावी लागते.

मिळालेले गुण तुम्हाला नाकारता येतात, नाकारले की पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. इटालियनमध्ये २२ सांगितले तर नाकारा, दोन महिन्यांत तोंड आणखी सुटतं. फारसीत २२ आले तर विचार करायला वेळ मागा. लॅटिनमध्ये २२ आले तर 'आच्चेत्तो' म्हणा, म्हणजे 'मान्य', आणि प्राध्यापकांनी आणखी काही विचारायच्या आत उठा.